समोर असलेला किल्ला मला का दिसला नाही? लायडार नेमकं काय बघतं, ते समजून घेऊया

जून महिना, शनिवार, दुपारचा एक वाजलेला. कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. सुट्टीच्या दिवशी बोर्नमथजवळच्या हेंगिस्टबरी हेड नावाच्या भूशिरावर फिरायला गेले. इथे दोन हजार वर्षांहून जुना किल्ला आहे, एवढं वाचून गेले होते. मी साताऱ्याची. किल्ला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि दरवाजा येतो. त्यामुळे 'अजून पुढे असेल' असं म्हणत चालत राहिले. एका गवताळ उंचवट्यावर चढून समुद्राचे फोटो काढले, डबा खाल्ला आणि परत आले.

संध्याकाळी आजोबांना फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन.

"किल्ला कुठाय यात? हा तर शेताचा बांध दिसतोय."

"आजोबा, तोच किल्ला असणार. दुसरं काही नव्हतंच तिथे."

"बरं. मग चर कुठाय?"

"कसला चर?"

"अगं, एवढा मोठा बांध घातला तर माती कुठून तरी काढली असेल ना? आभाळातून तर पडली नाही."

मी ४३ फोटो काढले होते. एकातही चर दिसत नव्हता. रात्री लॅपटॉपवर त्याच जागेचा लायडार नकाशा उघडला आणि दहा सेकंदांत बांध दिसला, चर दिसला, आणि मी दुपारी कुठून चालत गेले होते तेही कळलं. मी किल्ल्याच्या तटावर उभी राहून किल्ला शोधत होते!

कॅमेऱ्याला आणि मला जे दिसलं नाही ते या नकाशाला कसं दिसलं? आणि त्यालाही काय दिसत नाही? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी किल्ला समजून घेऊ

हेंगिस्टबरी हेड म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची एक जीभ. दक्षिणेला इंग्लिश खाडी, उत्तरेला क्राइस्टचर्चचं शांत बंदर, आणि पूर्व टोकाला त्या बंदराचं तोंड. पूर्वेकडे साधारण ३६ मीटर उंचीची टेकडी आहे, तिला वॉरन हिल म्हणतात. म्हणजे तीन बाजूंनी पाणी आणि फक्त पश्चिमेकडून जमिनीची वाट.

अशा जागी किल्ला बांधायला पूर्ण गोल तट लागत नाही. पाणी तुमचं अर्ध्याहून जास्त काम करून देतं. फक्त जिथे जमीन जोडलेली आहे ती मान आडवी बंद केली की झालं. आपल्याकडे विजयदुर्ग बघितला असेल तर हा विचार लगेच पटेल. फरक एवढाच की विजयदुर्गाला दगडी तट आहेत, आणि हेंगिस्टबरीच्या लोहयुगातल्या लोकांनी मातीत काम केलं. ही मान त्यांनी दोन समांतर बांधांनी आणि त्यांच्या चरांनी उत्तर-दक्षिण अशी कापली. आज या जागेला डबल डाइक्स म्हणतात. आतला बांध मोठा आहे आणि अजून ठसठशीत उभा आहे. बाहेरचा मात्र बराच झिजलाय.

बांधायची पद्धत आजोबा म्हणाले तशीच. चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकायची. यात एका खणण्यात दोन कामं होतात. चर एक मीटर खोल गेला आणि बांध एक मीटर वर आला, तर हल्लेखोराला दोन मीटर चढावं लागतं. असे मातीचे तट नवे असताना त्यांचे उतार खूप तीव्र असायचे, आणि बऱ्याच ठिकाणी वर लाकडी कुंपणही असायचं.

मग दोन हजार वर्षांचा पाऊस पडतो. लाकूड कुजतं. बांधाची माती घसरून चरात जाते. बांध बुटका आणि रुंद होतो, चर उथळ होतो. शेवटी उरतं ते एक मऊ, गवताने झाकलेलं, लांबलचक चढउताराचं वळण. मला 'उंचवटा' वाटलेली गोष्ट ती हीच.

फोटोत उंची का हरवते?

कॅमेऱ्याचा सेन्सर प्रत्येक पिक्सेलमध्ये किती उजेड आला आणि कोणत्या रंगाचा आला एवढंच मोजतो. ती जागा किती उंच आहे, किती लांब आहे, ही माहिती त्यात नसते. आपला मेंदू फोटो बघून उंचीचा अंदाज लावतो तो सावल्यांवरून.

आता त्या दिवशीची परिस्थिती बघा. जूनच्या उत्तरार्धात, ब्रिटिश उन्हाळी वेळेनुसार दुपारी एकच्या आसपास, त्या भागात सूर्य बरोबर दक्षिणेला आणि साधारण ६२ अंश उंच असतो. बांध उत्तर-दक्षिण धावतो. म्हणजे ऊन बांधाच्या लांबीच्या दिशेने येत होतं. बांधाच्या पूर्व आणि पश्चिम उतारांवर जवळपास सारखाच उजेड. एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखी, असं काहीच नाही. दोन्हीकडे तेच हिरवं गवत. फोटोत चर गायब होणारच.

हीच जागा सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य क्षितिजाजवळ असताना बघितली असती तर चरात सावली भरलेली दिसली असती. विमानातून जुन्या जागा शोधणारे पुरातत्त्वज्ञ तिरप्या उन्हाची वाट बघायचे ते याचसाठी.

पण उजेडावर अवलंबून राहण्याऐवजी थेट उंचीच मोजली तर?

लायडार: उजेडाची मोजपट्टी

लायडारची कल्पना अगदी सोपी आहे. लेझरचा एक बारीक ठोका जमिनीकडे सोडायचा. तो आपटून परत येईपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचं. उजेडाचा वेग माहीत आहे, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. वेळ गुणिले वेग, भागिले दोन, की अंतर मिळालं. भागिले दोन कशासाठी? कारण उजेड गेलाही आणि आलाही.

विमान १००० मीटर उंचीवर असेल तर हा ठोका साधारण ६.७ मायक्रोसेकंदांत परत येतो. उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक पकडायचा असेल तर घड्याळाला १ नॅनोसेकंदाचा फरक कळला पाहिजे. म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. आणि असे ठोके दर सेकंदाला लाखोंनी सुटत असतात.

पण अंतर कळून भागत नाही. विमान स्वतः कुठे होतं आणि किती कललेलं होतं हेही प्रत्येक क्षणी माहीत पाहिजे. त्यासाठी विमानात अचूक जीपीएस असतं आणि कल, वळण मोजणारे सेन्सर असतात. तुमच्या फोनमधला जायरोस्कोप याच कुटुंबातला, फक्त खूप स्वस्तातला. हे तिन्ही आकडे जुळवले की प्रत्येक ठोक्यासाठी एक बिंदू मिळतो: पूर्व-पश्चिम कुठे, उत्तर-दक्षिण कुठे, उंची किती. अशा कोट्यवधी बिंदूंच्या ढिगाला पॉइंट क्लाउड म्हणतात.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हे सगळं किल्ले शोधायला केलेलं नाही. तिथल्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला पुराचे नकाशे हवे होते. पाणी कुठे भरेल हे सांगायला जमिनीची अचूक उंची लागते. २०१५ मध्ये त्यांनी आपला लायडार डेटा सगळ्यांसाठी मोफत खुला केला, आणि पुढे १ मीटर बारकाईने देश मोजायचा कार्यक्रम हाती घेतला. पुरासाठी मोजलेल्या जमिनीत पुरातत्त्वज्ञांना जुने तट, रस्ते आणि शेतं सापडायला लागली.

झाडंझुडपं कशी काढतात?

इथे एक प्रश्न पडायला हवा. वरून सोडलेला लेझर झाडावरच आपटेल ना?

आपटतो, पण पूर्ण नाही. ठोका जमिनीपर्यंत येताना थोडा पसरतो. त्याचा काही भाग शेंड्यावरून परत येतो, काही मधल्या फांद्यांवरून, आणि काही पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचून परत येतो. एकाच ठोक्याचे असे अनेक प्रतिध्वनी यंत्र नोंदवतं. शेवटचा प्रतिध्वनी जमिनीचा असायची शक्यता सगळ्यात जास्त.

मग सॉफ्टवेअर बिंदूंची वर्गवारी करतं: हा जमिनीचा, हा झाडाचा, हा इमारतीचा. सगळं ठेवून केलेल्या उंचीच्या नकाशाला डीएसएम म्हणतात. फक्त जमिनीचे बिंदू ठेवून केलेला तो डीटीएम. किल्ला बघायचा तर डीटीएम.

ही वर्गवारी मला सगळ्यात रोचक वाटते, कारण इथेच चुका होतात. जमीन अचानक वर उठत नाही, अशा गृहीतकावर हे अल्गोरिदम चालतात. एखादा बिंदू शेजाऱ्यांपेक्षा एकदम वर असेल तर तो झाड किंवा घर समजून काढला जातो. आता तीव्र उताराचा मातीचा तट घ्या. तोही एकदम वर उठतो. सेटिंग कडक ठेवली तर सॉफ्टवेअर तटाचा माथाच छाटून टाकू शकतं. सैल ठेवली तर दाट काटेरी झुडपाचा वरचा भाग जमीन म्हणून घुसतो. म्हणूनच शक्यतो हिवाळ्यात, पानं गळलेली असताना, मोजणी करतात.

म्हणजे लायडारचा नकाशा हा 'खरी जमीन' नाही. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे एका प्रोग्रामने ठरवल्यावर उरलेली जमीन आहे.

आकड्यांतून चित्र, आणि माझी चूक

डीटीएम फाइल उघडली तर आत चित्र नसतं, आकड्यांचं टेबल असतं. प्रत्येक चौकोनात एक उंची. समजा एक ओळ अशी आहे:

२.१ २.० १.१ ०.४ ०.९ २.६ ४.३ ४.९ ४.१ २.८ २.२

थांबा, पुढे वाचण्याआधी यात चर कुठे आहे ते शोधा. ०.४ ला चराचा तळ, ४.९ ला बांधाचा माथा. आजोबांचा प्रश्न एका ओळीत सुटला. आता अशाच ओळी खाली खाली रचल्या आणि प्रत्येक ओळीत साधारण त्याच जागी हा खड्डा-उंचवटा आला, तर तो निसर्गाचा योगायोग नाही. कुणीतरी सरळ रेषेत खणलंय.

पण कोट्यवधी आकडे डोळ्यांनी वाचता येत नाहीत. म्हणून हिलशेड करतात. कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनाचा उतार आणि त्या उताराचं तोंड कुठे आहे ते शेजारच्या आठ चौकोनांवरून काढतो. मग एक खोटा सूर्य ठेवतो आणि त्या सूर्याकडे तोंड असलेला उतार उजळ, पाठ असलेला गडद असं रंगवतो. रंग नाही, गवत नाही, फक्त जमिनीचा आकार. मी पहिल्या रात्री वेबसाइटवर तयार हिलशेडच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आपणच करू. डेटा डाउनलोड केला, क्यूजीआयएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकला. सूर्याची दिशा विचारली. मी हुशारी केली: इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून १८० अंश टाकले. चित्र आलं आणि त्यातून डबल डाइक्स जवळपास गायब! वर टेकडीवरचे खड्डे उंचवट्यांसारखे दिसायला लागले.

अर्धा तास मी फाइलमध्ये चूक शोधत होते. चूक फाइलमध्ये नव्हती. शनिवारी दुपारी जे माझ्या फोटोंचं झालं, तेच मी कॉम्प्युटरमध्ये पुन्हा घडवलं होतं. उत्तर-दक्षिण बांधावर दक्षिणेचा उजेड. आणि खड्डे उंचवटे का दिसले? कारण उजेड वरून येतो अशी मेंदूची सवय असते. नकाशात उजेड खालून, म्हणजे दक्षिणेकडून, आला की मेंदू खोल आणि उंच यांची अदलाबदल करतो.

म्हणूनच बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सूर्य आधीपासून वायव्येला, ३१५ अंशांवर, ठेवलेला असतो. उत्तर गोलार्धात हेंगिस्टबरीसारख्या ठिकाणी खरा सूर्य वायव्येला एवढा वर कधीच येत नाही. ही सोय आपल्या डोळ्यांसाठी आहे. तरीही एकाच दिशेवर विसंबू नये. वायव्य-आग्नेय धावणारा एखादा बांध या सेटिंगमध्येही लपेल. दोन-चार दिशांनी चित्र काढून बघायचं. किंवा स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी पुढे आणलेली आकाशदर्शनाची पद्धत वापरायची. तिच्यात सूर्यच नसतो. प्रत्येक बिंदूवर उभं राहिल्यास किती आकाश दिसेल हे मोजतात. बांधाच्या माथ्यावरून भरपूर दिसतं म्हणून तो उजळ, चराच्या तळातून कमी दिसतं म्हणून तो गडद. बांध कोणत्याही दिशेला धावो, लपत नाही.

१ मीटर आणि ३० मीटर यात फरक किती?

तुम्ही विचाराल, हे आपल्याकडच्या किल्ल्यांवर करता येईल का? इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोडेम नावाचा उंचीचा डेटा मोफत मिळतो. जरूर बघा. सह्याद्रीची धार, गडाचा डोंगर, दरी, हे सगळं त्यात छान दिसतं. पण त्यातला एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो.

हेंगिस्टबरीच्या १ मीटर डेटातले ९०० चौकोन मिळून असा एक चौकोन होतो. दहा मीटर रुंद चर आणि शेजारचा दहा मीटर रुंद बांध, दोघेही त्या एकाच चौकोनात बसतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरी उंची येते सपाट जमिनीची. डेटा चुकीचा नसतो. तो त्या प्रश्नासाठी पुरेसा बारीक नसतो. डोंगर शोधायला ३० मीटर पुरतं, माणसाने खणलेला चर शोधायला पुरत नाही.

बारकाईची किंमतही असते. १ मीटरचा ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरचा तुकडा म्हणजे अडीच कोटी आकडे. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर साधारण १०० एमबी, तेही फक्त २५ चौरस किलोमीटरसाठी.

लायडारला काय कळत नाही?

वय. लायडार उंची सांगतं, वय सांगत नाही.

हेंगिस्टबरीच्या हिलशेडमध्ये डबल डाइक्स दिसतात तसेच टेकडीवर मोठे खड्डेही दिसतात. दोन्ही सारख्याच करड्या रंगात. बांध लोहयुगातला. खड्डे मात्र १९व्या शतकातले. तिथे लोहखनिजाच्या दगडांसाठी खाण चालायची. चित्रावरून कुणालाही वाटेल की दोन्ही एकाच काळातले आहेत.

वय कळतं ते खणून. इथे १९११-१२ मध्ये बुश-फॉक्स यांनी आणि पुढे १९७९ ते १९८४ मध्ये बॅरी कनलिफ यांनी उत्खनन केलं. त्यातून कळलं की ही नुसती लपायची जागा नव्हती, व्यापारी बंदर होतं. इसवी सनपूर्व १०० च्या आसपास इथे इटलीच्या दारूचे मातीचे उंच कुंभ, म्हणजे अम्फोरा, उतरत होते. कच्ची रंगीत काच येत होती. फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरची भांडी येत होती. क्राइस्टचर्चच्या बंदरात एव्हन आणि स्टूअर या दोन नद्या मिळतात, त्यामुळे माल आत देशात नेणं सोपं. (आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननातही रोमन अम्फोरांचे तुकडे मिळाले आहेत. त्या काळी दारू बरीच फिरत होती!)

बांध कशासाठी घातला हे हिलशेड सांगू शकत नाही. पण बांधाच्या आत एवढा माल होता हे कळल्यावर त्या बांधाकडे बघायची नजर बदलते. चरात साचलेल्या मातीच्या थरांत भांड्यांचे तुकडे, परागकण, जळकी लाकडं असं बरंच काही टिकून राहू शकतं. लायडार फक्त वरची कातडी बघतं. खरी नोंद खाली असते.

आणि हे सगळं समुद्रात चाललंय

डबल डाइक्सचं दक्षिण टोक समुद्राच्या कड्यापाशी येऊन तुटतं. ते मुळात तिथे संपत नव्हतं. पुढचा भाग कड्यासकट खाली गेलाय.

यात निसर्गाला माणसाने मदत केली. मघाशी सांगितलेली खाण आठवा. १८४८ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगात कड्याच्या पायथ्याशी आणि किनाऱ्यावर पडलेले लोहखनिजाचे मोठे दगड बोटीत भरून नेले. ते दगड लाटांचा मार खात होते. ते गेल्यावर लाटा थेट मऊ कड्यावर आपटायला लागल्या आणि झीज वाढली. १९३० च्या दशकाच्या शेवटी समुद्रात दगडांचा लांब बंधारा घालावा लागला. त्याआधी आणखी एक संकट टळलं होतं. लंडनच्या प्रसिद्ध सेल्फ्रिजेस दुकानाचे मालक गॉर्डन सेल्फ्रिज यांनी १९१९ मध्ये ही जागा विकत घेतली होती, टेकडीवर स्वतःसाठी भव्य राजवाडा बांधायला. तो झाला नाही आणि १९३० मध्ये जागा बोर्नमथच्या नगरपालिकेकडे गेली. आज ती संरक्षित स्मारक आहे. पण समुद्र कायदे वाचत नाही.

इथे लायडारचा दुसरा उपयोग येतो. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षी मोजणी केलेली असेल तर नव्या उंचीतून जुनी वजा करायची. जिथे काही बदललं नाही तिथे उत्तर शून्याजवळ येतं. जिथे कडा मागे सरकला तिथे उणे काही मीटर.

पण एक सावधगिरी. या मोजणीत उंचीची चूक साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत धरतात. दोन मोजण्या वजा केल्या की दोघींच्या चुका एकत्र येतात, साधी बेरीज होऊन नाही, तर १५ गुणिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर. त्यामुळे 'बांध ५ सेंटिमीटर झिजला' असं या डेटावरून कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कडा दोन मीटर मागे आला असेल तर मात्र तो आकडा लपत नाही.

आणि पाच सेंटिमीटरची झीज होतेच. ती करणारे आपण. असंख्य बूट एकाच जागी चढले की गवत मरतं, माती उघडी पडते, मग पाऊस ती घेऊन जातो. मी फोटोसाठी ज्या उंचवट्यावर चढले होते तो तट होता. माझी ती पाच-सहा पावलं कोणत्याही लायडारमध्ये दिसणार नाहीत. म्हणूनच ती कुणी मोजत नाही.

तुमच्या फोनवर करून बघा

१. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांची वेबसाइट उघडा. तिथे साइड बाय साइड नावाचा पर्याय आहे. एका बाजूला उपग्रहाचं चित्र निवडा, दुसऱ्या बाजूला लायडारचा डीटीएम. अकाउंट लागत नाही. फोन आडवा धरा, सोपं पडतं.

२. हेंगिस्टबरी हेड शोधा. आधी फक्त उपग्रहाच्या चित्रात बांध शोधायचा प्रयत्न करा. मग दुसऱ्या बाजूला बघा.

३. दोन समांतर रेषा दिसल्या की स्वतःला आजोबांचा प्रश्न विचारा: माती कुठून काढली? चर आणि बांध जोडीने असतील तर ते माणसाचं काम असण्याची शक्यता वाढते. नुसता उंचवटा असेल तर वाळूची टेकडीही असू शकते.

४. तुमच्या फोनमध्ये लायडार असेल (आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये २०२० पासून आहे) तर त्याचा पल्ला साधारण ५ मीटर असतो. त्याने किल्ला मोजता येणार नाही, पण एखादी पायरी किंवा उंबरठा थ्रीडीमध्ये उतरवता येईल. लायडार नसेल तर एकाच वस्तूचे चारी बाजूंनी, एकमेकांवर बरेच चढणारे ५०-६० फोटो काढा. त्यांवरून थ्रीडी आकार काढून देणारी ॲप्स मिळतात.

५. गडावर हे करताना तटावर चढू नका. खालून, वाटेवरून फोटो घ्या. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी परवानगी.

मी सगळं बघून झाल्यावर आजोबांना हिलशेडचं चित्र पाठवलं. चरावर बोटाने लाल रेघ मारून. मग कड्यापाशी बांध कसा तुटलाय तेही दाखवलं.

"म्हणजे समुद्र बांध कोरतोय म्हण की," ते म्हणाले.

"हो, तसंच."

"शेजाऱ्यानं कोरला तर मोजणी मागवता येते. समुद्राला कोण नोटीस काढणार?"

मी म्हटलं, मोजणी तरी झालीये, आजोबा. विमानातून.

"ते बरं झालं. पण मोजणीनं माती परत येत नाही. किती गेली तेवढं कळतं."

लायडारबद्दल याहून नेमकं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.